पाचशेचा हप्ता आणि पंचवीस हजार कोटी

23 एप्रिल 2020. टाळेबंदी सुरू असताना फ्रँकलिन टेम्पलटन म्युच्युअल फंडाने आपल्या सहा डेट योजना, म्हणजे कर्जरोख्यांत पैसे घालणाऱ्या योजना, एकाएकी बंद केल्या. आत अडकले 25,215 कोटी रुपये आणि सुमारे तीन लाख गुंतवणूकदार.

कोटींचा आकडा वाचताना डोळा नुसता पुढे सरकतो. म्हणून तो परभणी जिल्ह्यावर मांडून बघू. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 18,36,086. जिंतूरपासून सोनपेठपर्यंत, पाळण्यातल्या लेकरापासून थकल्या आजीपर्यंत प्रत्येकाने महिन्याला 500 रुपयांचा हप्ता भरला, एकही चुकवला नाही, तरी एवढी रक्कम जमायला जवळजवळ 23 वर्षं लागतील. पाचशेच्या तितक्या नोटा टोकाला टोक लावून ठेवल्या तर रांग 75 हजार किलोमीटरच्या पुढे जाईल.

मला त्याहून थक्क करतो तो परत आलेला आकडा: 26 हजार कोटींच्या वर. कर्जदार सगळेच बुडाले नव्हते. पैसे मागणारे एकदम आले आणि कमी दर्जाच्या रोख्यांना गिऱ्हाईक नव्हतं, एवढंच. सोयाबीन निघालं की उधारी फेडायला मोंढ्यात मिळेल त्या भावाने माल घालावा लागतो, तशी ती अडचण. सर्वोच्च न्यायालयाने पैसे वाटण्याचं काम एसबीआय फंड्सकडे सोपवलं, फेब्रुवारी 2021 मध्ये पहिले 9,122 कोटी वाटले गेले, बाकीचे रोखे सवडीने मोडले.

थांबून सगळंच वाचत नाही. मार्च 2020 मध्ये येस बँकेचे 8,415 कोटींचे रोखे एका फटक्यात शून्य झाले. मुंबई उच्च न्यायालयाने 2023 मध्ये ते शून्य करण्याचा निर्णय रद्द केला, मग वाद सर्वोच्च न्यायालयात गेला.

अडचणीतली कर्जं स्वस्तात घेऊन वाट बघणं हा पैसेवाल्यांचा धंदा आहे. सेबीने 2022 मध्ये त्यासाठी ‘स्पेशल सिच्युएशन फंड’ आणले. एका गुंतवणूकदाराने किमान 10 कोटी घालायचे. 2025-26 च्या 5,328 रुपये हमीभावाने ते 18,769 क्विंटल सोयाबीन. एकरी आठ क्विंटल धरलं तर सुमारे 2,350 एकरांचं पीक! एवढी ऐपत असणारा जोखीम ओळखून आत जातो. पाचशेवाल्याकडे तीच जोखीम न विचारता येते, हे मला अन्यायाचं वाटतं. डेट फंड दर पंधरवड्याला आपल्याकडच्या रोख्यांची यादी जाहीर करतात. हप्ता सुरू करण्याआधी त्यात ‘ए’ आणि त्याखालच्या दर्जाचे रोखे किती टक्के आहेत, तेवढा रकाना तरी वाचा.