माहितीचे कोठार

शाळेच्या ग्रंथालयात एकच मोठी वही आहे, असे समजा. दर वेळी पुस्तक देताना तीत विद्यार्थ्याचे नाव, पत्ता व पुस्तकाचे नाव लिहितात. पुढे त्या विद्यार्थ्याचे बिऱ्हाड बदलते. आता जुना पत्ता वीस ठिकाणी खोडावयाचा; आणि एखाद्या ठिकाणी तो राहून गेला, तर खरा पत्ता कोणता, हे वहीलाच सांगता यावयाचे नाही!

संगणकातील माहितीच्या कोठारात, म्हणजे डेटाबेसमध्ये, हीच अडचण येते. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या एडगर कॉड या गणितज्ञाने १९७० साली तीवर मार्ग दाखविला. माहिती साध्या तक्त्यांत मांडावी. विद्यार्थ्यांचा तक्ता निराळा, पुस्तकांचा निराळा. देवघेवीच्या तक्त्यात केवळ त्यांचे क्रमांक असावेत. क्रमांकावरून पत्ता सापडतो, म्हणून तो एकदाच लिहिला की पुरे.

अशा तक्त्यांना प्रश्न विचारण्यासाठी डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी रचलेली भाषा १९७४ मध्ये प्रसिद्ध झाली. तीच आजची एसक्यूएल. काय हवे ते तीत सांगावे. कसे शोधावे, ते संगणक पाहतो. नवशिक्याला ही भाषा लवकर साधते, आणि तेथेच धोका आहे. ‘सतराव्या क्रमांकाची ओळ पूस’ असे सांगण्याऐवजी त्याने नुसते ‘ओळी पूस’ असे लिहिले, तर संगणक शंका विचारीत नाही; सारा तक्ता रिकामा होतो. म्हणून जाणता मनुष्य तीच अट घालून त्या ओळी आधी नुसत्या पाहून घेतो, आणि मगच पुसतो.