‘टाटात टेस्ट झालंय’ म्हणजे नेमकं काय झालंय?

खारघर स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला नुसतं ‘टाटा’ म्हटलं तरी पुरतं. उत्सव चौकातून ओवे कॅम्पच्या दिशेने गेलं की डोंगराच्या पायथ्याशी ६० एकरांचं आवार लागतं. टाटा मेमोरियल सेंटरची ही संशोधन शाखा म्हणजे ॲक्ट्रेक. परळला १९५२ पासून चाललेली कर्करोग संशोधन संस्था २००२ मध्ये इथे आली. फाटकातून आत जाणारे बहुतेक जण पेशंट किंवा त्यांचे नातेवाईक असतात, त्यामुळे इथे झाडपाल्याचे अर्कही तपासले जातात हे फारसं कुणाच्या गावी नसतं. देशभरातल्या फार्मसी आणि विज्ञान महाविद्यालयांतून छोट्या कुप्या इथे येतात. कुणी शेवग्याच्या पानांचा अर्क पाठवतं, कुणी गुळवेलीचा, तर कुणी प्रयोगशाळेत नव्याने बनवलेलं संयुग. इथून निघालेला कागद शोधनिबंधात छापला जातो. पुढे कधीतरी तोच कागद व्हॉट्सॲपवर फिरतो, नाहीतर एखाद्या काढ्याच्या बाटलीवर ‘टाटात टेस्टेड’ होऊन बसतो. गैरसमजांची सुरुवात तिथून होते.

‘टाटात टेस्ट झालं, म्हणजे ते कॅन्सरचं औषध आहे’

आधी टेस्ट काय असते ते पाहू. प्लास्टिकच्या एका चपट्या प्लेटमध्ये ९६ खळगे असतात. प्रत्येक खळग्यात साधारण पाच हजार कर्कपेशी सोडतात आणि त्या तळाला रुजाव्यात म्हणून एक दिवस ठेवतात. मग अर्क चार मात्रांत घालतात: दर मिलिलिटरला १०, २०, ४० आणि ८० मायक्रोग्रॅम. शेजारच्या ओळीत तुलनेसाठी ॲड्रियामायसिन असतं. हे तेच लालभडक केमोचं औषध, पेशंटांच्या ओळखीचं. अठ्ठेचाळीस तासांनी थंड ॲसिड ओतून पेशी जागच्या जागी थिजवतात आणि सल्फोऱ्होडामाइन-बी नावाचा गुलाबी रंग घालतात. हा रंग प्रथिनांना चिकटतो, म्हणून जिथे पेशी जास्त उरल्या तो खळगा गडद गुलाबी दिसतो आणि जिथे वाढ खुंटली तो फिका. रंग किती उरला ते यंत्र मोजतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९९० मध्ये ही पद्धत मांडली. एका दमात शेकडो नमुने चाळता येतात, हा तिचा मोठा गुण.

अहवालात मुख्य आकडा असतो ‘जीआय-५०’. पेशींची वाढ निम्म्यावर आणायला किती मात्रा लागली, ते हा आकडा सांगतो. म्हणून तो जितका लहान तितकं चांगलं. शुद्ध संयुगासाठी १० मायक्रोग्रॅम किंवा कमी आणि अर्कासाठी २० किंवा कमी आला, तरच नमुना ‘सक्रिय’ धरतात. कितीतरी अर्कांसमोर ‘८० पेक्षा जास्त’ असं लिहून येतं. म्हणजे दिलेल्या सर्वांत मोठ्या मात्रेलाही वाढ निम्मी झाली नाही. जाहिरातीत मात्र तपासणी झाली एवढंच येतं. तपासणीत काय निघालं ते गाळलं जातं. ‘टेस्टेड’ आणि ‘पास’ यांत फरक आहे, हे परीक्षा दिलेल्या कुणालाही सांगायला नको.

आणि पास झालं तरी पास कुठे झालं, तर प्लेटमध्ये. स्तनाच्या कर्करोगासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या एमसीएफ-७ या पेशी १९७० मध्ये मिशिगनमधल्या एका ख्रिस्ती जोगिणीच्या शरीरातून घेतल्या गेल्या. गेली पन्नासहून अधिक वर्षं त्या बाटल्यांतच वाढतायत. त्यांना यकृत नाही, मूत्रपिंड नाही, रक्तपुरवठा नाही. शिवाय निरोगी पेशींवर तोच अर्क टाकला तर काय होतं, हा प्रश्न उरतोच. कर्कपेशी मारणं मुळात अवघड नाही, ते काम फिनेलही करतं. निरोगी पेशी न मारता त्या मारणं अवघड आहे.

‘हळदीने प्लेटमधल्या पेशी मरतात, मग दुधातून घेतली तर?’

इथे गणित मांडलं की उत्तर आपोआप मिळतं. हळदीतलं कर्क्युमिन प्रयोगशाळेत खरोखर प्रभावी दिसतं आणि त्यावर हजारो निबंध आहेत. तैवानमधल्या, २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात माणसांना रोज आठ ग्रॅमपर्यंत कर्क्युमिन तोंडावाटे दिलं. रक्तातली त्याची सर्वोच्च पातळी सरासरी १.७७ मायक्रोमोलर निघाली. प्लेटच्या भाषेत सांगायचं तर मिलिलिटरला एक मायक्रोग्रॅमसुद्धा नाही, त्याच्या दोन तृतीयांशांच्या आसपास. वरची तपासणी सुरूच होते दहापासून. बरं, हळदीत कर्क्युमिन असतं साधारण तीन टक्के, म्हणजे आठ ग्रॅमसाठी दिवसाला पाव किलोहून जास्त हळद खावी लागेल. सांगलीचं मार्केट खूश होईल, पोट होणार नाही. कर्क्युमिन पाण्यात फारसं विरघळत नाही, आतड्यातून नीट शोषलं जात नाही, आणि जे शोषलं जातं ते यकृत लगेच रूप बदलून बाहेर काढतं. रसायनशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये या साऱ्या संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा नीट आखलेल्या, प्लासिबोशी तुलना केलेल्या एकाही मानवी चाचणीत त्यांना निर्विवाद यश दिसलं नाही. फोडणीतल्या हळदीला यामुळे काही कमीपणा येत नाही. पण तिला औषध म्हणू नये.

‘अँटिऑक्सिडंट आहे, म्हणजे अँटिकॅन्सर असणारच’

हे दोन शब्द प्रबंधांच्या शीर्षकांत इतके जोडीने येतात की सख्खी भावंडं वाटावीत. त्यामागचा तर्क असा: मुक्त मूलकं डीएनएला इजा करतात, इजेतून कर्करोग होतो, म्हणून मूलकं टिपणारा पदार्थ कर्करोग रोखणार. ऐकायला बिनचूक वाटतं.

अँटिऑक्सिडंटची सर्वांत लोकप्रिय चाचणी डीपीपीएचची. मिथेनॉलमध्ये या रसायनाचं गर्द जांभळं द्रावण होतं. त्यात अर्क टाकून अर्धा तास अंधारात ठेवायचं. जांभळा रंग पिवळटला की अर्क अँटिऑक्सिडंट. स्वस्त, झटपट, डोळ्यांना दिसणारी चाचणी, म्हणून दर कॉलेजात होते. फक्त हे डीपीपीएच माणसाच्या शरीरात कुठेच नसतं. आणि टॅनिन असलेला जवळजवळ कुठलाही पाला, साल किंवा बी यात उत्तीर्ण होते: चहा, हिरडा, जांभळाची बी, आंब्याची कोय.

आणि सुपारीसुद्धा! आपल्याच रायगडातल्या श्रीवर्धनची सुपारी घ्या किंवा आणखी कुठली. तिच्यात पॉलिफेनॉलं भरपूर असल्यामुळे तिचा अर्क अँटिऑक्सिडंट चाचण्यांत चांगले गुण मिळवतो. तीच सुपारी, तंबाखूशिवाय चघळली तरी, माणसात कर्करोग घडवते असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्ये दिला आहे. तोंडाच्या कर्करोगाचे पेशंट खारघरला आणि परळला रोज येतात. अँटिऑक्सिडंट म्हणजे कॅन्सरविरोधी हे समीकरण इतक्या जवळच्या उदाहरणात मोडत असताना ते शीर्षकांत टिकून कसं राहतं, याचं मला नवल वाटतं.

माणसांवरचे मोठे प्रयोग तर आणखी बोलके आहेत. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. त्यातल्या ज्यांना बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या मिळाल्या, त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी वाढलेला दिसला. हे निष्कर्ष १९९४ मध्ये आले. अमेरिकेतली तशीच दुसरी चाचणी जानेवारी १९९६ मध्ये मुदतीआधीच थांबवावी लागली, कारण तिथे वाढ २८ टक्के होती. गाजर खाणाऱ्यांनी घाबरायचं कारण नाही. हे गोळीतल्या मोठ्या मात्रेबद्दल आणि धूम्रपान करणाऱ्यांबद्दल आहे. पण तर्क बिनचूक असून निकाल उलटा येऊ शकतो, हे त्यातून कळलं. शिवाय रेडिएशनसारखे उपचार कर्कपेशींना मारतात ते बऱ्याच अंशी मुक्त मूलकांच्याच हातून. मग त्या वेळी मूलकं टिपण्याचा अट्टाहास नेमका कुणाच्या सोयीचा?

यातली गमतीची गोष्ट ॲक्ट्रेकमध्येच घडली आहे. डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या गटाने रेझवेराट्रॉल आणि तांबं यांची जोडी अभ्यासली. रेझवेराट्रॉल द्राक्षाच्या सालीत असतं आणि प्रसिद्ध आहे ते अँटिऑक्सिडंट म्हणून. पण सूक्ष्म मात्रेत तांब्याबरोबर आलं की ते उलट ऑक्सिजनची मुक्त मूलकं तयार करतं. मरणाऱ्या कर्कपेशींतून क्रोमॅटिनचे तुकडे सुटतात, ते निरोगी पेशींत शिरून नुकसान करतात, आणि ही मूलकं त्या तुकड्यांचा नाश करतात, असं या गटाचं म्हणणं आहे. म्हणजे इथे उपयोग आहे तो अँटिऑक्सिडंटपणाच्या नेमका उलट गुणाचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘शंभर रुपयांत कॅन्सर परत येऊ न देणारी गोळी’ अशा बातम्या झळकल्या. त्यामागे उंदरांवरचे प्रयोग आणि माणसांवरचे लहान अभ्यास होते. बातमीने मधली सगळी वर्षं ओलांडून टाकली.

‘लक्ष्मणफळ केमोपेक्षा दहा हजार पट भारी’

हा आकडा कुणी हवेतून आणलेला नाही. लक्ष्मणफळातून, म्हणजे काटेरी सालीच्या त्या मोठ्या फळातून, एक संयुग वेगळं काढण्यात आलं. आतड्याच्या कर्करोगाच्या एका जातीच्या पेशींवर ते ॲड्रियामायसिनच्या दहा हजार पट प्रभावी दिसलं, असं १९९६ च्या एका अमेरिकी निबंधात आहे. ते संयुग बियांतून काढलेलं होतं आणि प्रयोग भांड्यातल्या पेशींवर होता. फॉरवर्डमध्ये बियांचा गर झाला, संयुगाचा रस झाला आणि भांड्याचा माणूस. याच कुळातलं ॲनोनासिन चेतापेशींना मारक आहे. कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटावर हे फळ आणि त्याच्या पानांचा चहा घेणाऱ्यांत पार्किन्सनसारखा, पण नेहमीच्या औषधांना दाद न देणारा आजार जास्त आढळल्याचं १९९९ पासून नोंदवलं गेलं आहे. जी गोष्ट दहा हजार पट मारक आहे ती फक्त कर्कपेशीच निवडेल, असं आपण गृहीत का धरतो?

‘मग झाडपाल्यात काही नाहीच’

हा उलट्या टोकाचा गैरसमज, शिकलेल्यांचा. केमोची कितीतरी औषधं झाडांतूनच आलेली आहेत.

अंगणातली सदाफुली घ्या. कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर १९५० च्या दशकात तिची पानं तपासत होते ती मधुमेहासाठी. उंदरांची साखर काही उतरली नाही, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी धडाधड कमी झाल्या. त्यातून व्हिन्ब्लास्टिन आणि व्हिन्क्रिस्टिन मिळाली. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात व्हिन्क्रिस्टिन आजही लागतं, आणि १९६३ पासून ते वापरात आहे. शेकडो किलो सुकी पानं घ्यावीत तेव्हा त्याचा एखादा ग्रॅम हाती येतो. ते फक्त शिरेतून देतात. चुकून पाठीच्या कण्यातल्या द्रवात गेलं तर रोगी दगावतो. इतक्या काटेकोर औषधाची मात्रा रोज सकाळी चार पानं चावून कशी साधणार?

सह्याद्रीतला नरक्या तर आपला खास. १९६६ मध्ये अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन शोधलं. यातले वाणी जन्माने नंदुरबारचे, मुंबई विद्यापीठात शिकून तिकडे गेलेले. पुढे टॅक्सॉल या केमोच्या औषधाची रचनाही याच दोघांच्या गटाने १९७१ मध्ये प्रसिद्ध केली. चिनी झाडातलं तेच कॅम्प्टोथेसिन आपल्या नरक्यात असल्याचं १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी दाखवलं. प्लेटमध्ये आणि उंदरांत ते उत्तम ठरलं होतं. माणसांना दिल्यावर मात्र मूत्राशयातून रक्तस्राव, जुलाब, रक्तपेशींची घसरण असं सगळं झालं आणि चाचण्या बंद पडल्या. रेणूत फेरफार करून बनवलेली टोपोटेकन आणि इरिनोटेकन ही दोन औषधं अमेरिकेत मान्य झाली ती १९९६ मध्ये. शोध लागल्यापासून तीस वर्षांनी. टॅक्सॉललाही १९६२ मध्ये झाडाची साल गोळा केल्यापासून १९९२ च्या मान्यतेपर्यंत तेवढीच लागली. दरम्यान इकडे कोल्हापूर-सिंधुदुर्गाच्या रानांत नरक्याची चोरटी तोड होऊन झाड दुर्मीळ झालं, ते वेगळंच.

‘नैसर्गिक आहे, सोबत घेतलं तर बिघडलं कुठे?’

बिघडू शकतं. ग्रीन टीतलं ईजीसीजी बोर्टेझोमिब या कर्करोगाच्या औषधाला पकडून निकामी करतं, असं २००९ च्या प्रयोगांत दिसलं. युरोपात उदासीवर घेतली जाणारी सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती इरिनोटेकनच्या सक्रिय रूपाची रक्तातली पातळी ४२ टक्क्यांनी खाली आणते. म्हणजे एका झाडाचं औषध दुसऱ्या झाडाने वाया घालवलं. आणि उपचार नाकारून केवळ पर्यायी मार्ग धरणाऱ्यांचं काय होतं? अमेरिकेतल्या २०१८ च्या एका अभ्यासात, रोग पसरलेला नसलेल्या २८१ रुग्णांमध्ये मृत्यूचा धोका अडीच पट आढळला. नोव्हेंबर २०२४ मध्ये कडुनिंब, हळद, लिंबू आणि उपासाने चौथ्या टप्प्याचा कर्करोग बरा झाल्याचा दावा गाजला, तेव्हा टाटाच्या २६२ आजी-माजी कर्करोगतज्ज्ञांनी एकत्र निवेदन काढून सांगितलं की याला पुरावा नाही, उपचार लांबवू नका.

घरात कुणाची केमो सुरू असेल आणि काढा, पावडर, रस असं काही चालू असेल, तर डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका. पुढच्या तारखेला फाइलबरोबर ती बाटली किंवा पुडी पिशवीत घाला आणि ओपीडीत टेबलावर ठेवा. कुणी ‘टाटात टेस्टेड’ म्हणून काही विकत असेल, तर त्याच्याकडे अहवाल मागा आणि त्यात जीआय-५० चा आकडा किती आलाय ते वाचा.