वाकड्या पायांचा अवलिया

मैदानावर दोन तऱ्हेचे खेळाडू लोकप्रिय होतात. एक तऱ्हा अशी, की ज्यांच्या भरवशावर प्रेक्षक निवांत बसू शकतो. दुसरी अशी, की त्यांच्या पायांत चेंडू आला की प्रेक्षकाला बसवतच नाही. पहिल्यांचा आपण आदर करतो, दुसऱ्यांवर जीव टाकतो. आणि त्यांनी ऐन वेळी घात केला तरी टाकतो. घरातदेखील असेच असते. वेळेवर येणाऱ्या आणि हिशेब चोख ठेवणाऱ्या काकांचे कौतुक सगळेच करतात, पण मुले डोळे लावून बसतात ती कधी उगवतील याचा नेम नसलेल्या मामांकडे.

फुटबॉलमध्ये या दुसऱ्या जातीचा शिरोमणी म्हणून मी ब्राझीलच्या गारिंचाचे नाव घेईन. त्याचा खेळ मी पाहिला तो जुन्या, धुरकट, काळ्या-पांढऱ्या चित्रफितींतून. पण तेवढ्यानेही या माणसाचे वेड लागते.

त्याचे खरे नाव मानुएल फ्रान्सिस्को दोस सांतोस. जन्म २८ ऑक्टोबर १९३३ चा, रिओ दि जानेरोपासून काही अंतरावरच्या पाऊ ग्रांदे नावाच्या गिरणीगावातला. गारिंचा हे तिकडच्या एका चिमुकल्या पाखराचे नाव. पोर अंगाने लहानखोर, म्हणून थोरल्या बहिणीने ते ठेवले आणि तेच जगभर झाले. पाय जन्मतःच वाकडे, तेही दोन्ही एकाच बाजूला झुकलेले. जणू वाऱ्याने दोन रोपे एका दिशेला कलावीत तसे. असा मुलगा फुटबॉल खेळेल असे कोणा डॉक्टराने म्हटले नसते. गावच्या कापडगिरणीत तो कामाला लागला, पण त्याचे खरे लक्ष मासेमारीत, पाखरे पकडण्यात आणि चेंडूत. रिओतल्या मोठ्या क्लबांकडे चाचणीला गेला, तेव्हा एका ठिकाणी बूट आणले नाहीत म्हणून परत पाठवला गेला आणि दुसऱ्या ठिकाणी गावी जायची गाडी चुकेल म्हणून तो स्वतःच निघून आला, असे सांगतात. १९५३ मध्ये बोटाफोगो क्लबने त्याची परीक्षा घेतली. समोर फुलबॅक म्हणून उभा केला तो ब्राझीलच्या राष्ट्रीय संघातला निल्टन सांतोस. या वाकड्या पायांच्या पोराने चेंडू त्याच्याच पायांमधून काढून पलीकडे नेला. निल्टन सांतोस मोठ्या मनाचा. याला आजच्या आज आपल्याकडे घ्या, म्हणजे पुन्हा त्याच्याविरुद्ध खेळायची पाळी माझ्यावर येणार नाही, असा सल्ला त्याने क्लबला दिला. पुढे दोघांची जन्माची मैत्री झाली.

आता त्याच्या खेळाविषयी. वाचकांना वाटेल की अशा अवलियाच्या पोतडीत शंभर युक्त्या असतील. तसे मुळीच नाही. गारिंचाकडे हुकमाची युक्ती एकच होती. तो राइट-आउट. चेंडू घेऊन प्रतिपक्षाच्या फुलबॅकसमोर यायचा आणि उभा राहायचा. अगदी स्तब्ध. मग अंग डावीकडे झोकायचे, फुलबॅकने तिकडे भार टाकला की उजवीकडून निसटायचे. डावीकडे हूल, उजवीकडे धाव. हे सगळ्या ब्राझीलला ठाऊक होते, पुढे युरोपलाही ठाऊक झाले आणि समोरच्या फुलबॅकला तर आदल्या रात्रीपासून पाठ असायचे. तरी तो फसायचा. कारण गारिंचा उजवीकडे जाणार हे नक्की असले तरी *कधी* जाणार हे ब्रह्मदेवालाही ठाऊक नव्हते. कधी एकाच हुलकावणीत, कधी चार वेळा झोके देऊन. कधी चेंडू जागेवर सोडून तो नुसताच पळायचा, बिचारा फुलबॅक त्याच्यामागे धावायचा, आणि चेंडू मागे गवतात एकटाच पडलेला. मुरलेल्या गवयाची समेवर यायची जागा आपल्याला माहीत असते, तरी तो आला की मान हलतेच. त्यातलाच हा प्रकार आहे.

१९५८ साली मेक्सिकोत बोटाफोगोचा सामना अर्जेंटिनाच्या रिव्हर प्लेट संघाशी झाला. गारिंचाने एका फुलबॅकची अशी काही दैना केली, की बैलझुंजीत रंगणाऱ्या तिथल्या प्रेक्षकांनी प्रत्येक हुलकावणीला ‘ओले!’ असा गजर सुरू केला. फुटबॉलच्या मैदानावर ही आरोळी तेव्हापासून आली असे म्हणतात.

परंतु अशा माणसाला संघात घेणे म्हणजे व्यवस्थापकांच्या पोटात गोळा. त्याच वर्षी वर्ल्ड कपला जाताना वाटेत फ्लॉरेन्स येथे फिओरेंटिना संघाशी सरावाचा सामना ठेवला होता. गारिंचाने एकामागून एक फुलबॅक चकवले, गोलरक्षकालाही चकवले, समोर गोल उघडा. चेंडू नुसता लोटायचा होता. हा पठ्ठ्या थांबला! मागून एक बचावपटू धावत येत होता, त्याला येऊ दिले, त्यालाही हुलकावणी दिली आणि मग चेंडूसकट सावकाश गोलात शिरला. ब्राझीलच्या प्रशिक्षकवर्गाला यात आनंद वाटण्याऐवजी धडकी भरली. संघाबरोबरच्या मानसशास्त्रज्ञाने चाचण्या घेऊन आधीच अभिप्राय दिला होता, की गारिंचाला खेळवू नये; आणि हो, सतरा वर्षांच्या पेलेलाही नको. स्वीडनमधल्या पहिल्या दोन सामन्यांत दोघेही बाहेर बसले. दुसरा सामना इंग्लंडशी गोलाविना बरोबरीत सुटला, तेव्हा कुठे प्रशिक्षक फिओला यांनी शास्त्र बाजूला ठेवले.

१५ जून १९५८, गोथेनबर्ग. समोर रशिया, गोलात लेव्ह याशिन. पहिल्याच मिनिटात गारिंचाने आपल्या फुलबॅकला दोन-तीनदा नाचवून चेंडू खांबावर हाणला. लगेच पेलेचा फटकाही खांबावर आपटला. तिसऱ्या मिनिटाला वावाने गोल केला. एका नामांकित फ्रेंच पत्रकाराने या तीन मिनिटांना फुटबॉलच्या इतिहासातली सर्वोत्तम तीन मिनिटे म्हटले. ब्राझीलने तो वर्ल्ड कप जिंकला.

चार वर्षांनी चिलीत तर गारिंचानेच संघ खांद्यावर घेतला. पेले दुसऱ्याच सामन्यात जखमी होऊन बाहेर पडला होता. इंग्लंडविरुद्ध गारिंचाने दोन गोल केले, त्यांतला एक चक्क डोक्याने आणि दुसरा लांबून वळत जाणाऱ्या फटक्याने. उपांत्य सामन्यात चिलीविरुद्ध पुन्हा दोन, त्यांत एक डाव्या पायाने! ज्याला एकच युक्ती येते असे जग म्हणत होते त्याने ऐन गरजेला ज्या येत नाहीत त्या सगळ्या करून दाखवल्या. आणि लगेच, स्वभावाला जागून, त्याच सामन्यात प्रतिस्पर्ध्याला लाथ मारून मैदानाबाहेर काढलाही गेला. अंतिम सामन्याला बंदी येणार असे वाटत होते, पण परवानगी मिळाली आणि १७ जून १९६२ रोजी ब्राझीलने झेकोस्लोव्हाकियाला ३-१ असे हरवून चषक राखला.

बेभरवशाचा म्हणून हिणवलेल्या या माणसाचा हिशेब एकदा पाहावा. ब्राझीलच्या राष्ट्रीय संघाकडून तो साठ सामने खेळला. त्यांत हरला फक्त एक, तोही शेवटचा, १९६६ साली लिव्हरपूलला हंगेरीविरुद्ध. पेले आणि तो दोघे मैदानात असताना ब्राझील कधीच हरले नाही. मग बेभरवशाचा कोण?

निवडसमित्यांचे आणि अशा माणसांचे विळ्या-भोपळ्याचे नाते सगळीकडचेच. इंग्लंडमध्ये १९७० च्या आगेमागे अशा छांदिष्ट कलावंतांची एक पिढीच झाली: रॉडनी मार्श, स्टॅन बोल्स, टोनी करी, फ्रँक वर्दिंग्टन, पीटर ऑसगुड, ॲलन हडसन, चार्ली जॉर्ज. सातांचे मिळून राष्ट्रीय सामने भरतात ४६. चार्ली जॉर्जच्या वाट्याला तर एकच. बोल्सला घोड्यांवर आणि कुत्र्यांच्या शर्यतींवर पैसे लावण्याचा नाद होता. पण क्वीन्स पार्क रेंजर्सच्या जुन्या चाहत्याला विचारा, तो आधी मार्शचे आणि मग बोल्सचे नाव घेईल.

इंदूरच्या वाचकाला हे सांगण्यासाठी ब्राझीलला किंवा लंडनला जाण्याची गरज नाही, हे मला ठाऊक आहे. ज्या घरांतून यशवंत क्लबच्या मैदानाच्या गोष्टी तीन-तीन पिढ्या चालत आल्या, तिथे मुश्ताक अलीसाहेबांचे नाव निघाले की स्वयंपाकघरातली मंडळीही बाहेर येतात. क्रिकेटमध्ये त्यांची जात गारिंचाचीच. ऑफच्या यष्टीबाहेरचा चेंडू लेगला, वेगवान गोलंदाजाला दोन पावले पुढे जाऊन सामोरे! १९३६ साली मँचेस्टरला विजय मर्चंटांबरोबर २०३ धावांची सलामी देताना त्यांनी ११२ केल्या, परदेशात कसोटी शतक करणारे ते पहिले भारतीय. मर्चंट म्हणजे शास्त्र, मुश्ताक म्हणजे लहर. एकाच वेळी दोन टोकांना दोन्ही पाहायला मिळावीत हे त्या प्रेक्षकांचे भाग्य. आणि १९४५ मध्ये ऑस्ट्रेलियन सर्व्हिसेस संघाविरुद्ध कलकत्त्याच्या सामन्यातून त्यांना वगळले, तेव्हा तिथल्या जमावाने निवडसमितीच्या दुलीपसिंहजींना घेराव घालून ‘मुश्ताक नाही तर सामना नाही’ असे बजावले. कलकत्त्याच्या त्या मंडळींचे इंदूरशी नाते काय? पण मुश्ताक अली परत संघात आले.

इथे एक फरक मात्र मला महत्त्वाचा वाटतो. मुश्ताक अलींना पोरवयात हेरले ते सी. के. नायडूंनी, आणि होळकर दरबाराने त्यांना आपल्या फौजेत कॅप्टनचा हुद्दा दिला. होळकर संघ १९४६ ते १९५३ या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकला, त्या संघात ही लहर निर्धास्त फुलली, कारण एखादा डाव फसला म्हणून घरची चूल विझणार नव्हती. दरबारी कारभाराचे सगळेच गोडवे गावेत असे नाही. राजाच्या मर्जीवर पोट असण्याचे दुःखही आपल्या वाडवडिलांनी पाहिले आहे. तरी या एका बाबतीत लहरी माणसाला सावली मिळाली. ते ९० वर्षे जगले आणि २००५ मध्ये आपल्याच गावात वारले.

गारिंचाच्या डोक्यावर ती सावली नव्हती. त्याच्या डोक्यावर होता क्लब. तो कोऱ्या करारावर सही करून द्यायचा आणि रक्कम मालक भरायचे. परदेशच्या दौऱ्यांत गारिंचा खेळणार असेल तर बोटाफोगोला बिदागी जास्त, म्हणून दुखऱ्या गुडघ्यात सुया टोचून त्याला उतरवले जाई. जन्मतः वाकड्या पायांवर त्या हुलकावण्यांचा सगळा भार; गुडघे झिजत गेले. डिसेंबर १९६२ मध्ये रिओच्या अजिंक्यपदासाठी फ्लामेंगोविरुद्ध त्याने दोन गोल केले आणि सामना ३-० असा जिंकून दिला. खरा गारिंचा लोकांना दिसला तो जवळजवळ शेवटचाच. तेव्हा तो अवघा एकोणतीस वर्षांचा होता. १९६४ मध्ये शस्त्रक्रिया झाली, १९६६ मध्ये क्लबने त्याला विकून टाकले.

दारू वडिलांपासून घरात होती. प्रेक्षकांना तीही त्याच्या अवलियापणाचा भाग वाटे. त्याच्या भोळेपणाचे असंख्य किस्से छापून येत. प्रत्येक फुलबॅकला तो ‘जुआंव’ म्हणतो, म्हणजे आपण ‘गणू-गोंद्या’ म्हणावे तसे, समोर कोण आहे याची त्याला फिकीरच नसते, ही कथा तर जगभर गेली. पुढे चरित्रकार रुय कास्त्रू यांनी शोध घेतला तेव्हा यांतले पुष्कळसे किस्से एका मित्र-पत्रकाराने रचलेले निघाले. लोकांना वेडा, निष्पाप गारिंचा हवा होता, म्हणून तो पुरवला गेला. खऱ्या माणसाला घरी बायको-मुली होत्या आणि तो त्यांना सोडून एल्झा सोआरिस या थोर गायिकेकडे गेला. त्याला सगळे माफ करणाऱ्या लोकांनी राग काढला तो तिच्यावर. तिच्या घरावर हल्ले झाले. १९६९ मध्ये तो चालवत असलेल्या मोटारीला अपघात होऊन एल्झाची आई गेली. तरी त्याच्यामागे बरीच वर्षे उभी राहिली ती एल्झाच. प्रेक्षकांच्या लळ्याची ही बाजू मला सगळ्यांत जास्त खटकते.

लळा खोटा होता असे मात्र म्हणवत नाही. १९ डिसेंबर १९७३ रोजी माराकानावर त्याच्यासाठी निरोपाचा सामना ठेवला, त्याला १ लाख ३१ हजार माणसे आली. मैदानावरच्या गारिंचाने तेव्हा चाळिशी गाठली होती, अंग सुटले होते. लोकांनी एकेका हुलकावणीसाठी श्वास रोखला. १९८० च्या कार्निव्हलमध्ये मांगेइरा मंडळाने त्याला रथात बसवून मिरवले. औषधांनी सुन्न झालेला तो नुसता बसून होता. २० जानेवारी १९८३ रोजी यकृताच्या विकाराने तो गेला, वय ४९. अग्निशामक दलाच्या गाडीवरून त्याला माराकानाहून पाऊ ग्रांदेला नेले तेव्हा रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसांची भिंत उभी होती. त्याला लोक ‘जनतेचा आनंद’ म्हणत, ते शब्द थडग्यावर कोरले गेले. एल्झा सोआरिस वारली ती २०२२ मध्ये, तारीख तीच, २० जानेवारी.

राजधानी ब्राझीलियातले भव्य क्रीडागृह त्याच्या नावाचे आहे. आणि २०१७ मध्ये बातमी आली, की गावाजवळच्या दफनभूमीत गारिंचाच्या अस्थी नेमक्या कुठे आहेत हे तिथल्या व्यवस्थापकांना खात्रीने सांगता येत नाही. मध्यंतरी केव्हातरी त्या हलवल्या गेल्या होत्या, आणि नोंद सापडेना.