रंग तोडणारे जिवाणू

सुती कापड रंगवताना सगळा रंग धाग्यावर बसत नाही. रिॲक्टिव्ह रंगांचा बराच भाग धुण्याच्या पाण्याबरोबर वाहून जातो. इचलकरंजीसारख्या वस्त्रनगरीत प्रोसेसिंगचं सांडपाणी आणि पंचगंगेचं प्रदूषण हा म्हणूनच जुना, जिव्हारी लागणारा प्रश्न आहे.

कृत्रिम रंगांपैकी निम्म्याहून अधिक ‘ॲझो’ गटातले. त्यांच्या रेणूत नायट्रोजनचे दोन अणू दुहेरी बंधाने जोडलेले असतात. रंग दिसतो तो प्रामुख्याने या जोडणीमुळे. ऊन, साबण, घाम यांना दाद देऊ नये अशीच त्यांची घडण, त्यामुळे नेहमीच्या सांडपाणी प्रक्रियेलाही ते पुरून उरतात.

काही जिवाणू मात्र ॲझोरिडक्टेज या विकराच्या मदतीने त्या बंधाला इलेक्ट्रॉन पुरवतात आणि तो तुटतो. प्राणवायू नसताना हे काम चांगलं होतं. तो असला, की इलेक्ट्रॉन तोच पळवतो.

पाणी रंगहीन झालं म्हणजे शुद्ध झालं, असं मानणं धोक्याचं आहे. रंग तुटून ॲरोमॅटिक अमाईन तयार होतात, आणि बेंझिडीनसारखी काही अमाईन कर्करोगकारक आहेत. म्हणून पुढच्या टाकीत हवा सोडून, प्राणवायूवर जगणाऱ्या जिवाणूंकडून ती मोडून घ्यावी लागतात. तपासणीत खरा भर या न दिसणाऱ्या अवशेषांवर हवा, असं मला ठामपणे वाटतं.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात या विषयावर बरंच संशोधन झालं आहे. पण चंबूत साधतं ते कारखान्याच्या गरम, खारट, सतत बदलणाऱ्या पाण्यात साधणं कठीण. रंगवताना घातलेलं मीठ तर जिवाणू काढतच नाहीत. त्यासाठी आरओसारखी वेगळी यंत्रणा लागते.