पाण्याखालचे फोटो विकायचेत? आधी पोर्टची काच समजून घ्या



मालवणचा एक मुलगा मागच्या सीझनला माझ्याकडे आला. स्कुबाला येणाऱ्या पर्यटकांचे फोटो काढायचा धंदा त्याने नुकताच सुरू केला होता. कर्ज काढून सेकंडहँड मिररलेस कॅमेरा, हाउसिंग आणि लाइट घेतलेले. पहिल्याच मोठ्या ग्रुपने पैसे परत मागितले. का? एका ताईंच्या काळ्या वेटसूटवर उलटी पांढरी अक्षरं उमटली होती. नीट बघितलं तर ती लेन्सवरचीच, कंपनीचं नाव आणि नंबर! शिवाय चारही कोपरे फिस्कटलेले.

त्याला वाटलं कॅमेरा खराब. कॅमेरा ठणठणीत होता.

तुम्ही म्हणाल, तारकर्ली-मालवणला बरेच जण पॅकेजमध्येच फोटो देतात, मग वेगळे पैसे कोण देणार? अहो, म्हणूनच तर! फुकटच्या फोटोपेक्षा तुमचा फोटो लांबूनच वेगळा दिसला तरच गिऱ्हाईक पाकीट उघडणार.

आधी ती अक्षरं. हाउसिंगच्या पुढे जी काच असते तिला पोर्ट म्हणतात. बाहेरून ऊन किंवा लाइट आत येतो, लेन्सच्या पुढच्या रिंगवरच्या पांढऱ्या अक्षरांवर पडतो, आणि पोर्टची आतली बाजू आरशासारखी वागते. समोर काही काळं आलं की ते प्रतिबिंब दिसलंच म्हणून समजा. उपाय अगदी स्वस्त आहे: ती रिंग मॅट काळ्या टेपने झाकायची. चकचकीत टेप नको आणि काचेवर टेप येऊ द्यायची नाही. लेन्सवर यूव्ही फिल्टर असेल तर तोही काढा. पाण्यात त्याचा उपयोग नाही, उलट प्रतिबिंबाला आणखी एक काच मिळते.

आता कोपरे. सपाट पोर्टमधून पाण्यातल्या वस्तू साधारण एक तृतीयांश मोठ्या दिसतात आणि लेन्सचा कोन आकसतो. त्यामागे वाइड लेन्स लावली की कडा ताणल्या जातात, रंगांच्या किनारी दिसतात. छोट्या जिवांचे क्लोजअप काढायला सपाट पोर्ट उत्तम. पण आपलं गिऱ्हाईक माणूस आहे. पाणी गढूळ असलं की लांबून काढलेला फोटो धुरकटच येणार. म्हणजे जवळ जायचं, म्हणजे वाइड लेन्स, म्हणजे गोलाकार डोम पोर्ट.

डोमची एक गंमत आहे, आणि इथेच लोक पैसे घालवतात. पाण्यात डोममुळे दूरच्या वस्तूचीसुद्धा आभासी प्रतिमा अगदी पुढ्यात तयार होते. डोमच्या त्रिज्येच्या साधारण तिप्पट अंतरावर. त्रिज्या १० सेंटीमीटर असेल तर फक्त ३० सेंटीमीटरवर! लेन्स इतक्या जवळ फोकस करू शकत नसेल तर महागडी असूनही तुमच्या कामाची नाही. त्यामुळे लेन्स घेताना सर्वांत कमी फोकस-अंतर आधी विचारा. लेन्स डोममध्ये योग्य खोलीवर बसावी म्हणून एक्स्टेन्शन रिंग लागते. कुठल्या लेन्सला कुठली, याचा तक्ता हाउसिंगची कंपनी देते, तो मागून घ्या. अंदाजाने रिंग लावू नका. फुल फ्रेमवर एफ ८ ते एफ ११ ठेवलं की कोपरे बरेच सुधारतात, मात्र उजेड जास्त लागतो. लाइट बाजूला आणि डोमच्या थोडे मागे ठेवा. नाहीतर उजेड थेट डोमवर येतो आणि पाण्यातले कणही पांढरे चमकतात.

बाकी छोट्या गोष्टी: हाउसिंग दमट हवेत बंद करू नका, आत सिलिका जेल ठेवा, नाहीतर पाण्यात गेल्यावर काच धुरकटते. उतरल्या उतरल्या पोर्टवरचे बुडबुडे हाताने पुसा. वर आल्यावर आधी गोड्या पाण्यात बुडवा, कोरड्या फडक्याने मीठ घासू नका. ॲक्रिलिकवर चरे पडतात. बाहेरचा बारीक चरा पाण्यात फारसा दिसत नाही, आतला मात्र दिसतो.

आणि पहिलं गिऱ्हाईक घ्यायच्या आधी ही टेस्ट घरी करा. अंधाऱ्या खोलीत समोर काळं कापड लावा, कॅमेरा हाउसिंगमध्ये बसवा आणि पुढून तिरका टॉर्च मारत फोटो काढा. तो मोबाइलवर नाही, मोठ्या स्क्रीनवर बघा. अक्षरं दिसली तर टेप अजून नीट लावायची आहे. त्या मुलाने ही टेस्ट केली तेव्हा तिसऱ्या प्रयत्नात कापड पूर्ण काळं आलं.