दोन सायलेन्सरांची फटफटी

जावा पहिल्यांदाच हाताळणारा माणूस आधी किक शोधतो. उजव्या बाजूला किक नाही. डावीकडे दिसतो तो फक्त गिअरचा दांडा. मग गाडीचा मालक पुढे होतो, तोच दांडा पायाने इंजिनाकडे आत दाबतो, वर उभा करतो आणि त्यावरच किक मारतो. इंजिनाने पकड घेतली की दांडा परत खाली, आणि आता तो गिअरचा. एकाच लोखंडी दांड्याकडून दोन कामं करून घेण्याची ही युक्ती पाहून नवखा चकित होतो, आणि मालकाच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरतं ते पाहण्यासारखं असतं. पुढची गंमत तो राखून ठेवतो. गिअर बदलताना डाव्या हाताने क्लच दाबला नाही तरी चालतं. दांड्यावर पायाचा भार आला की आतला कॅम स्वतःच क्लच सोडवतो. विसाव्या शतकाच्या मध्यावर चेकोस्लोव्हाकियातल्या अभियंत्यांनी सामान्य माणसाच्या सोयीसाठी केलेली ही व्यवस्था महाराष्ट्रातल्या दोन पिढ्यांनी फारशी चर्चा न करता वापरली.

ही गाडी मुळात एका शस्त्रास्त्रांच्या कारखानदाराची. फ्रान्तिशेक यानेचेक हा प्राहाचा उद्योजक. पहिल्या महायुद्धानंतर बंदुका-बॉम्बांची मागणी आटली, तेव्हा 1929 साली त्याने जर्मनीच्या वाँडरर कंपनीकडून 500 सीसीच्या मोटरसायकलचे हक्क विकत घेतले. यानेचेकमधलं ‘या’ आणि वाँडररमधलं ‘वा’ जोडून नाव झालं. गाडी देखणी होती, चेनऐवजी शाफ्टवर चालायची, पण महाग होती, आणि तेच साल जागतिक मंदीचं निघालं. कंपनीला तारलं ते 1932च्या सुमारास आलेल्या स्वस्त, 175 सीसीच्या टू-स्ट्रोक गाडीने. तिचं इंजिन इंग्लंडच्या व्हिलियर्सचं होतं. तेव्हापासून जावा म्हणजे टू-स्ट्रोक हे समीकरण पक्कं झालं. यानेचेक 1941 साली वारला. जर्मन अंमलाखाली मोटरसायकलींवर काम करायला बंदी असताना त्याच्या माणसांनी चोरून 250 सीसीची नवी गाडी आखली. युद्ध संपल्यावर 1946च्या पॅरिस प्रदर्शनात ती दाखवली गेली. ‘पेराक’ म्हणून ती ओळखली जाते. मागच्या चाकाला स्प्रिंग, इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच आवरणात: त्या काळी हे सगळं पुढारलेलं होतं. पुढे 1954च्या आसपास तिला मागे झोका घेणारा स्विंगआर्म मिळाला, आणि आपण ज्या गोलाकार टाकीच्या, मरून रंगाच्या जावाला जावा म्हणतो ती तयार झाली.

ती भारतात बनू लागण्याचं कारण सरकारी धोरणात आहे. पन्नाशीच्या दशकात तयार गाड्यांच्या आयातीवर बंधनं आली आणि विक्रेत्यांपुढे दोनच मार्ग उरले: दुकान बंद करायचं किंवा कारखाना काढायचा. मद्रासेत 1955 साली एन्फील्ड सुरू झाली होती. त्या विक्रेत्यांपैकी रुस्तम इराणी आणि फारूख इराणी यांनी म्हैसूर निवडलं. आयडियल जावा (इंडिया) लिमिटेडचं उद्घाटन 1961 साली म्हैसूरचे महाराज जयचामराजेंद्र वडियार यांच्या हस्ते झालं. सुरुवातीला सुटे भाग चेकोस्लोव्हाकियातून यायचे आणि इथे जोडले जायचे. हळूहळू भागही इथेच होऊ लागले. पोलंडच्या आराखड्यावरची राजदूत थोड्याच काळात फरिदाबादहून आली. पुढची वीसेक वर्षं भारतातल्या मोटरसायकलवाल्याला बहुतेक ह्या तिघींतूनच निवड करायची होती. एन्फील्डची बुलेट पोलिसांची आणि सैन्याची, राजदूत दूधवाल्याची आणि खेड्यातल्या मास्तरांची, आणि जावा कॉलेजच्या पोरांची, अशी ढोबळ वाटणी लोक आजही सांगतात. ढोबळच आहे ती. जावावर दूधही वाहिलं गेलंय आणि लग्नाची वरातही निघाली आहे.

सत्तरच्या दशकात टाकीवरचं नाव बदलून ‘येझदी’ झालं. इराणातलं यझ्द हे झरतुष्ट्री लोकांचं जुनं ठिकाण, त्यावरून. गाडी मात्र तीच राहिली. 1978 साली रोडकिंग आली, अधिक ताकदीची आणि अंगाने सडपातळ. ऐंशीच्या दशकात दोन सिलिंडरची 350ही आली. ती महाग होती, पेट्रोल पिणारी होती आणि फार खपली नाही. जुन्या गाड्यांच्या बाजारात आज तिला जो भाव मिळतो, त्याचं मुख्य कारण तिचं तेव्हाचं अपयश हेच आहे.

आता इंजिनाकडे येऊ, कारण ह्या गाडीच्या दीर्घायुष्याचं उत्तर तिथे आहे. जुन्या 250मध्ये एक सिलिंडर, व्यास 65 मिलिमीटर, पिस्टनची धाव 75 मिलिमीटर, आकारमान 248.5 सीसी, ताकद 12 हॉर्सपॉवरच्या आसपास. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, ऑईलपंपसुद्धा नाही. हलणारे मुख्य भाग तीन: पिस्टन, कनेक्टिंग रॉड, क्रँक. पिस्टन वर जाताना खाली क्रँककेसमध्ये पेट्रोल आणि हवा खेचतो. खाली येताना तेच मिश्रण बाजूच्या वाटांनी वर ढकलतो. सिलिंडरच्या भिंतीतली भोकं उघडण्या-झाकण्याचं काम पिस्टन स्वतःच करतो. जळलेला धूर बाहेर पडायला जावाच्या सिलिंडरला पुढे दोन तोंडं दिलेली आहेत, म्हणून सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन. दोन्हीकडून सारखी दिसणारी ही गाडी त्यामुळे आहे त्यापेक्षा मोठी वाटते. त्यात थोडा दिखाऊपणा आहे हे मान्य करायला हरकत नाही.

ऑईलपंप नसल्याने तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं, लिटरला साधारण 40 मिलिलिटर. तेल कमी पडलं तर पिस्टन धरतो, जास्त झालं तर प्लग काळा होतो आणि मागून येणारा माणूस शिव्या घालतो. घाटात हा हिशेब वेगळीच परीक्षा घेतो. खंडाळ्याचा घाट उतरताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडून इंजिनावर गाडी रोखली, की पेट्रोल बंद आणि पेट्रोलबरोबर तेलही बंद. इंजिन मात्र जोरात फिरत असतं. म्हणून जाणते लोक उतारावरही अधूनमधून मूठ पिळतात. ह्या गोष्टी माहितीपुस्तिका वाचून कमी आणि मागे बसून जास्त शिकल्या गेल्या. वडिलांच्या मनगटाची सवय मुलाच्या मनगटात आली.

म्हैसूरचा कारखाना 1996 साली बंद पडला. कारणं एकात एक गुंतलेली होती. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर जपानी सहकार्याने बनलेल्या 100 सीसीच्या गाड्या आल्या: सुझुकी, हिरो होंडा, यामाहा, कावासाकी. त्यातली फोर-स्ट्रोक हिरो होंडा लिटरला येझदीच्या दुपटीहून अधिक पळायची आणि तेल मिसळायची कटकट नव्हती. मध्यमवर्गाने हिशेब केला आणि येझदी विकली. पाठोपाठ धुराचे नियम आले, 1996 साली ते आणखी कडक झाले, आणि कारखान्यात कामगार आणि व्यवस्थापन यांचंही बिनसलेलं होतं. मूळ आराखड्यात तीस-पस्तीस वर्षांत फार बदल न करणाऱ्या कंपनीचं असं होणारच होतं. हळहळ वाटते, पण ह्या मरणात अन्याय झाला असं मला वाटत नाही.

इथून पुढची गोष्ट मात्र कारखान्याची नाही, फिटरांची आहे. कंपनी नाही, अधिकृत सुटे भाग नाहीत, सर्व्हिस सेंटर नाही, तरी पुण्यात, कोल्हापुरात, मुंबईत ह्या गाड्या रस्त्यावर राहिल्या, कारण त्यांना दुरुस्त करायला पाना, लेथ आणि कान एवढंच पुरतं. सिलिंडर ओतीव लोखंडाचा. झिजला की टर्नरकडे रीबोअर करून जरा मोठ्या मापाचा पिस्टन घालायचा. कागदी गॅस्केट कात्रीने कापता येते. इग्निशनचे पॉइंट नेमके कधी उघडतात हे पाहायला मध्ये सिगारेटचा पातळ कागद धरायचा आणि क्रँक हळूहळू फिरवायचा. कागद सुटला तो क्षण पिस्टन माथ्यावर पोचण्याच्या तीनेक मिलिमीटर आधी आला पाहिजे. सतत पांढरा धूर येऊ लागला आणि गिअरबॉक्सचं ऑईल कमी होऊ लागलं, तर क्रँकचं ऑईल सील गेलं असं फिटर गाडीजवळ न येताच सांगतो. सर्वांत अवघड काम क्रँकचं. तो प्रेसवर सुटा करून नवा कनेक्टिंग रॉड बसवायचा आणि मग दोन्ही पाती सरळ रेषेत आणायच्या. डायल गेज लावून हे काम करणारे थोडे. नुसत्या नजरेने आणि तांब्याच्या हातोडीने करणारे त्याहून थोडे, आणि त्यांच्याकडे नंबर लागतो.

सायलेन्सरचं कौशल्य वेगळं. टू-स्ट्रोकचा तेलकट काजळीचा थर आतल्या बॅफलवर साचतो आणि गाडी ओढेनाशी होते. मग बॅफल काढून जाळायचा, ठोकायचा, घासायचा. ऐंशीच्या दशकातल्या पोरांनी ही कटकट कायमची मिटवली: बॅफल काढूनच टाकले. गल्लीच्या टोकाला आलेली येझदी घरात बसून ओळखू यायची ती ह्या बेकायदा सुधारणेमुळे.

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी फेरी मारणारे शौकीन अजून दिसतात. हेडलाइटमध्येच बसवलेला स्पीडोमीटर, खिळ्यासारखी आत खुपसायची किल्ली, चेन पूर्ण झाकणारं चेनकव्हर, हे सगळं शोधत ते हिंडतात. हे शेवटचं कव्हर भंगारात सर्वांत आधी गेलं, कारण चेन ताणताना ते काढावं लागतं आणि परत बसवायचा फिटरला कंटाळा. खरं तर धुळीच्या देशात त्याच्याइतकी शहाणपणाची वस्तू दुसरी नव्हती.

शौक वाढला तशी एक नवी रीत आली आहे, आणि ती मला पटत नाही. गाडी पूर्ण सुटी करायची, चौकटीवर पावडर कोटिंग, टाकीवर आरशासारखा रंग, कारखान्यातून निघाली तेव्हा होतं त्याहून जास्त क्रोम. जुलैच्या दुसऱ्या रविवारी देशभर साजऱ्या होणाऱ्या जावा-येझदी दिवशी अशा गाड्या रांगेत उभ्या दिसतात. त्यांच्यापुढे गर्दी असते. मी मात्र पलीकडे जातो, जिथे मांडीच्या घासण्याने टाकीचा रंग उडालेली, मडगार्डला वेल्डिंगचा वण असलेली आणि सकाळी साताऱ्याहून चालवत आणलेली एखादी उभी असते. त्या झिजेत गाडीचा पन्नास वर्षांचा वापर वाचता येतो. नव्या रंगाखाली तो गेला की परत मिळत नाही.

कंपन्यांनाही हा शौक उमगला. महिंद्रांच्या पाठबळाने उभ्या राहिलेल्या क्लासिक लेजंड्सने 2018च्या नोव्हेंबरात जावा हे नाव पुन्हा रस्त्यावर आणलं आणि 2022च्या जानेवारीत येझदी. नव्या गाड्या पिथमपूरला बनतात. इंजिन फोर-स्ट्रोक, पाण्याने थंड होणारं, तेल मिसळायचं कारण नाही. सिलिंडर एकच असला तरी नव्या जावाला दोन सायलेन्सर आवर्जून ठेवले आहेत. गाड्या म्हणून त्या जुन्यांपेक्षा सर्व बाबतींत सरस आहेत. फक्त त्या बिघडल्या की सिगारेटच्या कागदाचा उपयोग नाही.

जुन्या गाड्यांपुढचा आजचा प्रश्न कागदपत्रांचा आहे. केंद्र सरकारने जुलै 2021मध्ये मोटार वाहन नियमांत बदल करून पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेल्या, मूळ रूपात राखलेल्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हिंटेज’ दर्जा दिला. नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नोंदणीला 5,000. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर राखता येतो. अट अशी की ती रोजच्या वापरासाठी चालवायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती किंवा पेट्रोल भरण्यापुरतीच रस्त्यावर आणायची. म्हैसूरच्या पहिल्या जावा ही रेषा केव्हाच ओलांडून गेल्या. टाकीवर येझदी लिहिलेल्या सुरुवातीच्या गाड्या आता ओलांडत आहेत, आणि पहिल्या रोडकिंगांची पाळी 2028 साली येईल. तोवर रोडकिंगवाल्याने दर पाच वर्षांनी आरटीओत जायचं, पर्यावरण कर भरायचा, चासी नंबर घासून दाखवायचा आणि येताना दूध-भाजी घेऊन यायची.