म्हातारपणी धावावे कशासाठी?

उतारवयात माणसाने व्यायाम करावा, याविषयी दुमत नाही. तो माणूस करीत का नाही, हा खरा प्रश्न आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली पासष्टीपुढील व्यक्तींना आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि तीन दिवस तोल व ताकद राखणारे व्यायाम सुचविले. परंतु मिनिटांचा हिशेब ऐकून उंबरठा ओलांडणारे थोडेच.

धारूर तालुक्यातील तेलगाव हे साखर कारखान्याचे गाव. ज्या बीड जिल्ह्यातून हजारो कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात, तेथे हा प्रश्न अधिकच अवघड होतो. जन्मभर मोळ्या वाहिल्या, आता व्यायाम कसला, हा म्हाताऱ्यांचा सवाल अनाठायी म्हणता येणार नाही. तथापि कष्ट आणि व्यायाम एक नव्हेत. कष्टात भार दुसरा ठरवितो आणि शरीर झिजते. व्यायामात श्रम बेताचे असून विसावा आपल्या हाती असतो. शिवाय हालचाल थांबली की स्नायू खचतात, तोल जातो आणि एका पडण्याने माणूस अंथरुणाला खिळतो.

मग प्रेरणा यावी कोठून? बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये साठी ओलांडलेल्या लता करे नऊवारी नेसून अनवाणी धावल्या आणि ज्येष्ठांच्या गटात पहिल्या आल्या. पतीच्या तपासणीसाठी त्यांना पैसे हवे होते. पुढे त्यांच्यावर चित्रपट निघाला व त्यात स्वतःची भूमिका त्यांनीच केली. त्यांच्या जिद्दीला वंदन करावे. परंतु औषधोपचारासाठी वृद्धेला धावावे लागणे, हे समाजास भूषणावह खचित नाही.

याउलट आषाढी वारीत कितीतरी वृद्ध आळंदीहून पंढरपूरपर्यंतचे सुमारे २५० किलोमीटर अंतर चालून जातात. त्यांना वैद्याचा सल्ला पुढे ढकलत नाही. श्रद्धा, सोबत, ठरलेली वेळ व ठरलेली वाट यांच्या बळावर ते चालतात. 'या वयात हे काय?' असेही तेथे कोणी विचारीत नाही. गावात मात्र नेमक्या याच प्रश्नाच्या संकोचाने, विशेषतः स्त्रियांची, पावले अडखळतात.

तात्पर्य, रोगाच्या भीतीपेक्षा सोबत्याची हाक अधिक परिणामकारक ठरते. शाळेचे पटांगण सकाळी तासभर खुले ठेवावे, बसण्यास दोन बाक असावेत आणि शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी घरातील वडीलधाऱ्यांना हाताला धरून तेथे आणावे. यास पैसा थोडा लागतो, अगत्य मात्र पुष्कळ लागते.